तांत्रिक शिक्षणातील दुहेरी श्रेयांक

तांत्रिक शिक्षणातील दुहेरी श्रेयांक ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक शैक्षणिक व्यवस्था आहे. तीनुसार नववी ते बारावीचे विद्यार्थी वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, आरोग्यसेवा यांसारखे विषय शाळेत शिकताना महाविद्यालयीन श्रेयांकही मिळवू शकतात.

या व्यवस्थेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. समवर्ती प्रवेशात श्रेयांक अभ्यासक्रम पूर्ण होताच महाविद्यालयाच्या गुणपत्रकात नोंदवले जातात. करारावर आधारित प्रकारात शाळा व महाविद्यालय आपापल्या अभ्यासक्रमांची समकक्षता आधी ठरवतात. श्रेयांक मात्र अनेकदा विद्यार्थ्याने त्या महाविद्यालयात प्रवेश घेतल्यानंतरच मिळतात.

१९९० च्या पर्किन्स कायद्याने शालेय शिक्षणाची अखेरची दोन वर्षे व महाविद्यालयाची दोन वर्षे जोडणाऱ्या 'टेक प्रेप' कार्यक्रमांना संघीय निधी दिला. २०१८ च्या सुधारित कायद्यानुसार, राज्यांना कार्यक्रमाची गुणवत्ता मोजण्यासाठी उपलब्ध असलेल्या निकषांत विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या महाविद्यालयीन श्रेयांकांचा समावेश आहे.

या व्यवस्थेमुळे पदवीचा कालावधी व खर्च कमी होऊ शकतो. तथापि, करार विशिष्ट संस्थांपुरता असल्यास अन्य महाविद्यालये ते श्रेयांक नाकारू शकतात. काही वेळा श्रेयांक मान्य होऊनही ते केवळ ऐच्छिक विषयांत धरले जातात, व मूळ विषय पुन्हा शिकावा लागतो.