टेबलावर पुन्हा लढला जाणारा बेलग्रेडचा वेढा

ऐतिहासिक लढाया छोट्या सैनिकप्रतिमांच्या साह्याने टेबलावर पुन्हा लढण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. प्रशियाच्या सेनेने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारलेला युद्धखेळ आणि एच. जी. वेल्स यांचे १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक ही त्याची दोन प्रमुख मुळे. चाल मोजपट्टीने मोजायची, गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरवायचा, ही सर्वसाधारण रीत. उघड्या मैदानावरील लढाईला ती पुरते. वेढ्यात तिचा कस लागतो. १७१७ चा बेलग्रेडचा वेढा हे त्याचे उत्तम उदाहरण.

सावा आणि डॅन्यूब नद्यांच्या संगमावरील हा किल्ला तेव्हा ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होता. ऑस्ट्रियाचा सेनापती सॅव्हॉयचा प्रिन्स यूजीन याने जूनच्या मध्यास डॅन्यूब ओलांडून त्याला वेढा घातला. आत मुस्तफा पाशाची सुमारे ३० हजारांची शिबंदी होती. जुलैअखेरीस वजीर हलील पाशा प्रचंड फौजेनिशी धावून आला. तिची संख्या दीड लाखाच्या घरात मानली जाते. त्यामुळे वेढा घालणाराच वेढला गेला. पुढे किल्ल्याच्या तोफा, मागे वजिराच्या तोफा आणि छावणीत हगवणीची साथ. लढण्याच्या स्थितीत उरले होते सुमारे ६० हजार सैनिक.

एक प्रतिमा ५० सैनिकांची धरली, तर एकट्या ऑस्ट्रियन बाजूस १,२०० प्रतिमा लागतात. म्हणून २८ मिलिमीटरच्या देखण्या सैनिकांपेक्षा येथे ६ मिलिमीटरचे सैनिक सोयीचे. खंदक खणण्याचे आठवडे टेबलावर कंटाळवाणे होतात, हेही खरे. ते नकाशावर उरकून अनेक जण थेट १६ ऑगस्टची पहाट मांडतात. पण साथ आणि रसद यांचा हिशेब वगळला, तर यूजीनला तो धोका पत्करावाच का लागला, हे खेळाडूला उमगत नाही. रोज काही प्रतिमा टेबलावरून उचलाव्या लागल्या, की हल्ल्याची घाई आपोआप समजते.

दुसरी अडचण धुक्याची. दोन दिवस आधी, १४ ऑगस्टला, ऑस्ट्रियन बॉम्बगोळ्याने किल्ल्यातील दारूकोठार उडाले होते आणि सुमारे तीन हजार माणसे मेली होती. त्यानंतर यूजीनने वजिराच्या फौजेवर पहाटेपूर्वी हल्ला योजला. पण दाट धुक्यात उजव्या बगलेचे घोडदळ तुर्कांच्या नव्या खंदकावरच आदळले. बगल आणि मध्य यांत खिंडार पडून तुर्क आत घुसले. आठच्या सुमारास धुके विरले, तेव्हा यूजीनला ते दिसले आणि त्याने दुसरी फळी तेथे लोटली. टेबलावर मात्र दोन्ही खेळाडूंना सारे पटांगण वरून दिसते! यावर उपाय म्हणजे प्रत्येक पलटणीऐवजी कोरे पत्ते मांडणे, त्यांत काही रिकामे ठेवणे आणि समोरासमोर येईपर्यंत ते पंचाशिवाय कोणालाही न उघडू देणे. धुके केव्हा विरेल, तेही फाशांवर सोडलेले बरे. ‘आठ वाजता’ हे उत्तर पाठ असलेल्या खेळाडूची निम्मी भीती आधीच गेलेली असते.

सर्वांत उपेक्षित भूमिका मुस्तफा पाशाची. लढाईत शिबंदी जागची हलली नाही आणि वजिराचा पराभव होताच किल्ल्याने शरणागती पत्करली. १७१८ च्या पासारोविट्झ तहाने बेलग्रेड ऑस्ट्रियाकडे गेले. १७३९ मध्ये ते पुन्हा तुर्कांना मिळाले. खेळात पाशाची बाजू स्वतंत्र खेळाडूकडे देणे इष्ट. यूजीनने किल्ल्यासमोर ठेवलेली फौज थोडी होती. तोफांचा आवाज ऐकू येतो, धुक्यापलीकडचे काही दिसत नाही, अशा वेळी दरवाजा उघडून छापा घालायचा की नाही, हे त्याने ठरवायचे.