एका दिवसाच्या संपाचे मोल : १९ सप्टेंबर १९६८ चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा लाक्षणिक संप

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील कामगार चळवळीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने प्रदीर्घ संपांकडे जाते. मे १९७४ चा रेल्वे संप किंवा १९८२ मध्ये सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप यांवर विपुल लेखन झालेले आहे. एका दिवसाच्या लाक्षणिक संपाची नोंद मात्र बहुधा एखाद्या वाक्यात आटोपली जाते. संपाचा दिवस मावळला की संपही संपला, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. सरकारी सेवकांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी केलेला संप अवघ्या एका दिवसाचा होता. त्याचा हिशेब पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

मागणीचा उगम

जुलै १९५७ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे सूत्र मान्य केले. कामगाराचे कुटुंब म्हणजे उपभोगाची तीन एकके, प्रौढ व्यक्तीसाठी डॉ. अ‍ॅक्रॉइड यांनी सांगितलेल्या प्रमाणात आहार, चौघांच्या कुटुंबासाठी वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती व इतर किरकोळ बाबींसाठी २० टक्के, असे ते सूत्र होते. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजू उपस्थित होत्या. मात्र न्या. जगन्नाथ दास यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ च्या अहवालात हे सूत्र अव्यवहार्य ठरवले व किमान वेतन महागाई भत्त्यासह ८० रुपये सुचवले. ज्या सूत्राला सरकारने परिषदेत संमती दिली, ते स्वतःच्या नोकरांना लागू करण्याची वेळ येताच ते परवडेनासे झाले, ही विसंगती कर्मचाऱ्यांच्या मनात घर करून राहिली.

याच असंतोषातून ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून पाच दिवसांचा संप झाला. एस. एम. जोशी, नाथ पै यांच्यासारखे महाराष्ट्रातील समाजवादी नेते त्यात अग्रभागी होते. सरकारने वटहुकूम काढून संप मोडला आणि संघटनांची मान्यता काढून घेतली. त्यानंतर १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा अस्तित्वात आली. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या विषयांवर मतभेद झाल्यास ते लवादाकडे सोपवण्याची तरतूद तीत होती. गरजाधिष्ठित वेतनाचा प्रश्न लवादाकडे द्यावा, अशी मागणी कर्मचाऱ्यांच्या बाजूने झाली. हा विषय लवादाच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका सरकारने घेतली. १९६८ च्या संपाचे तात्कालिक कारण हेच होय. संप टाळण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचे दार बंद झाल्यामुळे संप घडला.

संपाचा दिवस

१३ सप्टेंबर १९६८ रोजी अत्यावश्यक सेवा परिरक्षण वटहुकूम जारी झाला. डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर करण्यात आले. संपात भाग घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, चिथावणी देणाऱ्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा, अशी त्यात तरतूद होती. केंद्रीय गृहमंत्रिपदी त्या वेळी यशवंतराव चव्हाण होते. आठ वर्षांपूर्वीच्या संपात आघाडीवर महाराष्ट्रातील नेते होते. या वेळी संप हाताळण्याची जबाबदारीही महाराष्ट्राच्याच नेत्याकडे होती.

संप सर्वत्र सारख्या प्रमाणात झाला नाही. पठाणकोट येथे रेल्वे कामगारांवर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. दिल्लीत इंद्रप्रस्थ भवनातील पोलीस कारवाईने खळबळ उडाली. केरळमध्ये ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या सरकारने वटहुकूम राबवण्यास नकार दिला. केंद्राने तेथे राखीव पोलीस दल पाठवल्याने केंद्र-राज्य संबंधांचा नवाच वाद उभा राहिला.

सेवांवरील परिणामांचा विचार करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. टपाल छाननीचे काम थांबले तर पत्रे साठून राहतात आणि संपानंतर तीच माणसे जादा श्रम करून तो साठा हातावेगळा करतात. मुंबईच्या गिरणी कामगाराने कोकणातील घरी धाडलेली मनीऑर्डर दोन दिवस उशिरा पोहोचली तर घरच्यांची ओढाताण होते, पण पैसे बुडत नाहीत. तारेचे तसे नसते. आजारपणाची तार दुसऱ्या दिवशी मिळून उपयोग नसतो. दूरच्या गावी फोन लावण्यासाठी त्या काळी बहुतेक ठिकाणी ट्रंक कॉल नोंदवावा लागे आणि तो जोडणारा कर्मचारी जागेवर नसेल तर संभाषणच होत नसे. रेल्वेत एका ठिकाणी गाडी अडली की मागच्या गाड्या खोळंबतात. उलटपक्षी लेखापरीक्षण कार्यालय दिवसभर बंद राहिले तर सामान्य नागरिकाला त्याची वार्ताही लागत नाही. सेवेनुसार हानी इतकी भिन्न असताना शिस्तभंगाची मोजपट्टी मात्र सर्वांना जवळपास एकच लावली गेली.

दिवसाचा हिशेब

एका दिवसाचे वेतन कापले जाणे कर्मचाऱ्यांनी गृहीतच धरले होते. खरा फटका सेवाखंडाचा होता. संपाचा दिवस अनधिकृत अनुपस्थिती मानून सेवेत खंड धरला की रजा, वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनास पात्र असलेली मागील सेवा धोक्यात येई. पंधरा वर्षे नोकरी केलेल्या कारकुनाच्या दृष्टीने २४ तासांची किंमत पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. अस्थायी कर्मचाऱ्यांची स्थिती याहून बिकट होती. १९६५ च्या अस्थायी सेवा नियमांतील पाचव्या नियमानुसार एक महिन्याची नोटीस देऊन, कोणतीही चौकशी न करता त्यांना सेवामुक्त करता येई, आणि या नियमाचा वापर झाला. परिणामी, एकाच आवाहनाला प्रतिसाद देऊन एकाच कचेरीतून बाहेर पडलेल्या दोघांपैकी एकाने दिवसाचा पगार गमावला, तर दुसऱ्याने नोकरी. पुढे काही वर्षांत कारवाई टप्प्याटप्प्याने सौम्य करण्यात आली खरी. पण दरम्यानच्या काळातील घरखर्चाची भरपाई त्यातून होणे शक्य नव्हते.

न्यायालयांनी या प्रश्नाची एक बाजू आधीच तपासली होती. १९६० च्या संपाच्या तयारीतील निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील ई. एक्स. जोसेफ यांच्यावर आरोप ठेवण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये निदर्शनांवरील सरसकट बंदी अवैध ठरवली; संपावरील बंदी मात्र कायम राहिली. पुढे ‘बँक ऑफ इंडिया विरुद्ध टी. एस. केलावाला’ या मुंबईतूनच गेलेल्या प्रकरणात दिवसाचे मोजमापच वादाचा विषय बनले. २९ डिसेंबर १९७७ रोजी कर्मचाऱ्यांनी चार तास संप केला व नंतर ते कामावर रुजू झाले. बँकेने संपूर्ण दिवसाचे वेतन कापले. मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला होता. तो फिरवताना १९९० मध्ये न्या. पी. बी. सावंत यांनी ग्राहकांच्या दृष्टीने मोक्याच्या तासांत काम बंद ठेवल्यावर उरलेल्या तासांच्या हजेरीला तेवढे मोल राहत नाही, असा विचार मांडला. वेळेपेक्षा सेवेच्या उपयुक्ततेवर भर देणारी ही दृष्टी १९६८ मधील शिस्तभंगाच्या मोजपट्टीपेक्षा अधिक बारकाईची आहे, मग तिचा निष्कर्ष कर्मचाऱ्यांच्या विरोधात का असेना.

मूळ मागणीचा प्रवास वेगळ्याच गतीने झाला. तिसऱ्या वेतन आयोगानेही १९७३ मध्ये गरजाधिष्ठित सूत्र पूर्णतः स्वीकारले नाही. त्याने सुचवलेले १८५ रुपयांचे किमान वेतन सरकारने १९६ रुपये केले. २०१५ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या सातव्या वेतन आयोगाने दरमहा १८,००० रुपयांचे किमान वेतन काढले, ते १९५७ च्या परिषदेचे सूत्र आणि डॉ. अ‍ॅक्रॉइड यांचे आहारमान आधाराला घेऊनच. तोपर्यंत १९६८ च्या संपात उतरलेली पिढी निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता.