जुन्या बुद्धमूर्ती, अस्थिधातू आणि आदिवासी वस्तूंचा संग्रह : कायदा काय सांगतो, घेताना काय तपासावे?

दि. ७ मे २०२५ रोजी हाँगकाँग येथे सोथबीज या लिलावगृहात पिप्रहवा स्तूपातील रत्नांचा लिलाव होणार होता. भगवान बुद्धांच्या अस्थिधातूंसोबत अर्पण केलेली ही रत्ने. भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, अनेक देशांतील बौद्धांनी निषेध नोंदवला आणि लिलाव पुढे ढकलण्यात आला. जुलै २०२५ मध्ये रत्ने मायदेशी परतली. मात्र त्यासाठी गोदरेज उद्योग समूहाला ती विकत घ्यावी लागली. आपलाच वारसा पैसे मोजून परत आणण्याची वेळ का येते, हे समजण्यासाठी जुन्या वस्तूंच्या संग्रहाचा व्यवहार आणि त्यासंबंधीचे कायदे माहीत असणे गरजेचे आहे.

पुरावस्तू कशाला म्हणतात?

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ साली झाला व ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी मूर्ती, शिल्प, चित्र, नाणे, शिलालेख इत्यादी वस्तू पुरावस्तू ठरतात. ऐतिहासिक, साहित्यिक किंवा शास्त्रीय मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे.

या कायद्यातील मुख्य तरतुदी अशा :

• पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यासाठी किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद व दंडाची शिक्षा आहे.
• पुरावस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो.
• दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत, हाड व लाकूड यांतील शिल्पे, थांका व लघुचित्रांसह सर्व प्रकारची जुनी चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते.
• नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यास तसे नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते.

म्हणजे जुनी मूर्ती घरात असणे हा गुन्हा नाही. परंतु नोंदणीस पात्र असूनही ती नोंदवलेली नसेल, तर मालक अडचणीत येऊ शकतो.

वस्तू बाजारात येते कशी?

पहिला मार्ग वसाहतकाळातील उत्खननाचा. आजच्या उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात पिप्रहवा आहे. तेथील स्तूप १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने खोदला. अस्थिधातू सयामच्या राजाला भेट देण्यात आले, बहुतांश रत्ने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली, तर काही रत्ने ‘जादा नग’ ठरवून पेपे यांच्याकडे राहू दिली. उपासकांनी श्रद्धेने अर्पण केलेल्या दानातील काही भाग जादा असू शकतो, हे ठरवण्याचा अधिकार त्या काळी केवळ राज्यकर्त्यांकडे होता. शंभराहून अधिक वर्षांनी तेच नग लिलावात आले.

सांचीच्या बाबतीत वेगळे घडले. १८५१ मध्ये कनिंगहॅम यांना सापडलेले सारिपुत्त व मोग्गलान यांचे अस्थिधातू लंडनच्या संग्रहालयात होते. ते परत मिळवून १९५२ मध्ये सांचीच्या चेतियगिरी विहारात प्रतिष्ठापित करण्यात आले.

दुसरा मार्ग सरळ चोरीचा. १९६१ मध्ये नालंदा येथील संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीला गेल्या. त्यांपैकी बाराव्या शतकातील एक कांस्य बुद्धमूर्ती २०१८ मध्ये युरोपातील कलाबाजारात आढळली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनमध्ये भारताच्या स्वाधीन झाली. ती ओळखता आली, कारण पुरातत्त्व खात्याकडे मूर्तीची जुनी छायाचित्रे होती.

तिसरा मार्ग खोट्या कागदपत्रांचा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विक्रेतीकडून मथुरा शैलीतील कुषाणकालीन बुद्धमूर्ती दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला घेतली. मूर्ती १९६० च्या दशकातच भारताबाहेर विकली गेली होती, असे कागदोपत्री दाखवले होते. ही माहिती बनावट निघाली आणि २०१६ मध्ये मूर्ती भारताला परत करावी लागली. येथे १९७० या सालाला महत्त्व आहे. त्या वर्षी युनेस्कोचा सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरोधी करार झाला. त्यामुळे वस्तू त्याआधीच बाहेर गेल्याचे दाखवण्याचा विक्रेत्यांचा प्रयत्न असतो.

आदिवासी वस्तूंचा प्रश्न

आदिवासींच्या अनेक वस्तू लाकूड, कापड, बांबू अशा नाशवंत साहित्याच्या असतात. त्या १०० वर्षे टिकत नाहीत, म्हणून कायद्याच्या व्याख्येतही बसत नाहीत. जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्याचे मुखवटे पाहा. गावासाठी ते देवाचे सोंग आहे, शहरातील दिवाणखान्यात ते शोभेची वस्तू होते. गरजेपोटी घरातला देव किंवा दागिना विकणाऱ्या कुटुंबाला मिळालेली रक्कम आणि दुकानातील किंमत यांत मोठे अंतर पडते. हा व्यवहार कायद्यात बसला तरी न्याय्य असेलच असे नाही.

काही वस्तू तर विक्रीच्या असूच शकत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावगृहाने नागा माणसाची कवटी लिलावाला काढली. नागा समाजाने व नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी आक्षेप घेतल्यावर ती मागे घेण्यात आली. नागांची कवटी असो वा तथागतांचे अस्थिधातू, या वस्तूंशी आजही जिवंत समाजाचे नाते आहे. पिप्रहवाची रत्नेही अस्थिधातूंबरोबरच ठेवलेली होती. ती वेगळी काढून ‘दागिने’ म्हणून विकणे बौद्धांना म्हणूनच मान्य होत नाही.

विकत घेण्यापूर्वी विचारा

१. विक्रेत्याकडे परवाना आहे का? वस्तूचे नोंदणी प्रमाणपत्र आहे का?
२. वस्तू मूळ कोणत्या गावची, कोणाकडून कधी घेतली, याचा लेखी पुरावा आहे का? ‘एका जुन्या घराण्याचा संग्रह’ एवढे उत्तर पुरेसे नाही.
३. मूर्तीचे पाय, बैठक किंवा पाठीमागचा भाग ताजा तुटलेला आहे का? तसे असल्यास ती भिंतीतून किंवा लेण्यातून काढलेली असू शकते.
४. नवी मूर्ती जुनी म्हणून विकली जात नाही ना? पितळेवर मुद्दाम काळपट हिरवा थर चढवलेल्या मूर्ती बाजारात असतात.
५. नवी मूर्ती परदेशी न्यायची असल्यास ती पुरावस्तू नसल्याचे पुरातत्त्व खात्याचे प्रमाणपत्र सोबत ठेवा.

आपल्या गावात काय करता येईल?

शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी, मूर्ती, करंडक सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. वस्तू धुऊ-घासू नये, जागा तशीच ठेवावी. वस्तू कुठे व कशासोबत सापडली, यावरूनच तिचा इतिहास कळतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन करून त्याची नीट नोंद केली. म्हणूनच तेथील करंडक आणि आठ लहान बुद्धमूर्ती यांच्याविषयी आज खात्रीने बोलता येते.

नालंदाच्या मूर्तीने शिकवलेली गोष्ट प्रत्येक विहार समितीला जमण्यासारखी आहे. परिसरातील जुनी शिल्पे, मूर्ती व शिलालेख यांची समोरून, मागून व बैठकीची छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. तारीख, ठिकाण व मोजमाप लिहून नोंदीची एक प्रत समितीकडे आणि एक पुरातत्त्व विभागाकडे द्यावी. उद्या एखादी मूर्ती चोरीला जाऊन परदेशातील लिलावात दिसली, तर ती आपल्या गावची असल्याचे सिद्ध करण्यासाठी हाच पुरावा उपयोगी पडेल.