काळी, पांढरी आणि गुंठा

वऱ्हाडात वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या रानाला काळी. शेकडो वर्षं एकाच जागी घरं पडली, त्यांच्यावर नवी उठली, राख-शेण-माती एकात एक मुरली, की त्या ढिगाचा रंग उजळतो. बार्शीटाकळीची पांढरी फार जुनी. इथल्या हेमाडपंती देवळाच्या शिलालेखात शके 1098, म्हणजे इ.स. 1176 सालची नोंद आहे. विद्रूपा नदीकाठच्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या घर बांधलं ते पांढरीवर, आणि धाब्यावर घालायला मातीही तिथलीच. घर विकत घ्यायची वेळ क्वचित यायची. ते वाटणीत मिळायचं, नाहीतर पडक्या जागी नवं उठायचं. म्हणूनच घरखरेदीत आज जे शब्द आपण वापरतो, त्यांतले बहुतेक मुळात घराचे नाहीतच. ते वावराचे आहेत, आणि वावराच्याही आधी वसुलीचे. आयुष्यभराची पुंजी ज्या कागदावर लागते, त्यातले शब्द कुठून आले हे माणसानं एकदा तरी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

खरेदीखत उघडलं की पहिल्या पानावर ‘मौजा’ भेटतो. हा अरबी, अर्थ ठिकाण. ‘खरेदी’ फारसी, ‘खत’ अरबी, ‘दस्त’ म्हणजे फारसीत हात, आणि ‘कब्जा’ पुन्हा अरबी. बहामनी, इमादशाही, मोगल, निजाम असं राज्य पालटत गेलं, तरी दफ्तराची भाषा टिकली. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हाही हे शब्द कागदावर तसेच राहिले. त्यांतला ‘नझूल’ विदर्भात विशेष. मूळ अर्थ उतरणं. वारस न उरल्यानं किंवा अशाच कारणानं सरकारकडे उतरून आलेली जागा ती नझूल. तिच्यावरचं घर घेताना भिंतींपेक्षा पट्टा आधी पाहायचा असतो, कारण तिथली जमीन सरकारची असते.

त्याच पानावर खाली ‘चतुःसीमा’ येते आणि माणूस एकदम हजार-बाराशे वर्षं मागे जातो. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चारही बाजू सांगून ‘चतुराघाट’ पक्के करत. पूर्वेला अमुक गाव, दक्षिणेला तमुक, असं. आजचा दस्तलेखकही हेच लिहितो. गावाच्या जागी प्लॉट नंबर आले एवढंच.

पण सगळ्यांत मोठी कुळकथा आहे ती गुंठ्याची.

1620 च्या सुमारास एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञानं जमीन मोजायला 66 फुटांची साखळी बसवली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी 1830 च्या दशकात इंदापूरकडून नव्या मोजणीची घडी बसवली. या मुंबई पद्धतीच्या मोजणीची साखळी गुंटरच्या निम्मी, 33 फुटांची. ती लांबीला एक आणि रुंदीला एक टाकली की 1089 चौरस फूट भरतात. हाच गुंठा. असे चाळीस झाले की 43,560 चौरस फूट, म्हणजे बरोबर एकर. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे केले. एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच. मोजणीदाराला आणि कास्तकाराला दोघांनाही तोंडी हिशेब करता यावा, अशी ही रचना होती. मला ती फार शहाणपणाची वाटते. 1860 च्या दशकात हीच पद्धत वऱ्हाडात आली. नागपूरकडे गावाचा सारा भरणारे मालगुजार होते, इकडे रयतवारी, म्हणजे सारा थेट प्रत्येक कास्तकाराकडून. म्हणून इथे प्रत्येक वावराचा धुरा म्हणजे बांध, नंबर आणि आकार म्हणजे सारा वेगवेगळा नोंदवावा लागला.

आकार ठरला मातीच्या प्रतवारीवर, तीस-तीस वर्षांसाठी, आणि ठरला तो पिकाच्या हिशेबानं. मग त्या काळीत कोणी घर बांधलं तर? वापर बदलला की सारा बदलणार, त्यासाठी वेगळी परवानगी लागणार. आज लेआउटच्या फलकावर मोठ्या अक्षरांत मिरवणारा ‘एनए’ तो हाच, कागदावरचा ‘अकृषक’. गावठाणात म्हणजे पांढरीवर त्याचा प्रश्नच नव्हता. गाव पांढरीतून उतरून काळीत शिरलं, तेव्हा हा शब्द घराघरांत पोचला.

काळीत शिरल्याची किंमत पायातही मोजावी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. भेगांत हात जातो. वरवरच्या पायावर उभी केलेली भिंत दोन-चार उन्हाळ्यांत कोपऱ्यापासून तिरपी चिरते. म्हणून इथला जाणता मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खणायला लावतो आणि जोत्यात काळी माती भरू देत नाही. तिथे मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मस करायची. तो मुरूम आणि गिट्टी विकत घ्यायची ब्रासच्या मापानं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.

मेट्रिक मापं आली आणि सातबाऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर बसले. बोलताना लोक आरलाही गुंठाच म्हणतात. पण आर म्हणजे शंभर चौरस मीटर, सुमारे 1076 चौरस फूट. गुंठ्यामागे सुमारे साडेबारा चौरस फुटांचा फरक. दहा गुंठे सांगून दहा आर दिले, तर 126 चौरस फूट गेले. तेवढ्यात एक खोली उभी राहते. सौदा गुंठ्यात ठरला असेल तर इसार देण्यापूर्वी चौरस मीटर लिहून घ्यावेत, यात लाजण्यासारखं काही नाही.

मंजुरी न घेता वावराचे तुकडे पाडून विकण्याचा प्रकार राज्यभर इतका फोफावला, की 2001 साली विधिमंडळाला ‘गुंठेवारी’ याच नावाचा कायदा करावा लागला. साखळीच्या एका चौकोनाचं नाव थेट कायद्याला मिळालं! पण त्यामागे फसलेली, दंड भरून घर नियमित करून घेणारी कुटुंबं आहेत, हे विसरता येत नाही.

आता मोजणीला रोव्हर येतो. उपग्रहाच्या आधारानं तो काही सेंटिमीटरच्या फरकात खूण दाखवतो. मात्र ती खूण जुळवायची असते मूळ मोजणीच्या टिपणाशी आणि नकाशाशी, आणि त्या टिपणावर आकडे आहेत ते साखळ्यांचे आणि आण्यांचे. प्लॉट घेणाऱ्यानं सातबाऱ्याबरोबर भूमी अभिलेख कार्यालयातून त्या टिपणाचीही नक्कल काढावी, आणि ती वाचून दाखवणारा माणूस सोबत घेऊन धुऱ्यावर उभं राहावं.