‘कल्चर’चे बंगाली नामकरण



‘कल्चर’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, तो उच्चारताना आपण परभाषा बोलत आहो असे कोणालाही वाटत नाही. पण ह्या शब्दाला आपल्या भाषेत नाव काय द्यावे, ह्या प्रश्नाने बंगाली विचारवंतांना जवळजवळ ऐंशी वर्षे गुंतवून ठेवले होते. तो वाद वरवर कोशकारांचा वाटतो. खरे पाहता सुसंस्कृत कोणाला म्हणावे आणि तसे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाच त्यातला प्रश्न होता.

मूळ लॅटिन शब्द शेतकऱ्याच्या घरचा. ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणे, जोपासणे. इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास सिसरोने तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटले आणि हा शब्द बांधावरून ग्रंथात आला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये त्याला दोन वाटा फुटल्या. मॅथ्यू आर्नल्डने १८६९ साली कल्चर म्हणजे उत्तमोत्तम विचारांच्या परिचयाने साधणारी मनुष्याची पूर्णता असे मांडले. दोनच वर्षांनी, १८७१ साली, एडवर्ड टायलरने त्याच शब्दात समाजाचे ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, चालीरीती असे सर्व काही घातले. आर्नल्डचे कल्चर प्रयत्नाने मिळवावे लागते. टायलरचे प्रत्येक समाजाजवळ असतेच, मग तो रानात राहणारा का असेना. शब्द एक, अर्थ दोन. बंगालीत भाषांतर करणाऱ्यांची अडचण येथेच सुरू झाली.

पहिला मोठा प्रयत्न बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांचा. १८८८ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘धर्मतत्त्वा’त गुरू आणि शिष्य यांचा संवाद आहे. त्यात बंकिमचंद्रांनी ‘अनुशीलन’ हा शब्द योजला. शरीर, ज्ञान, कार्य आणि सौंदर्य यांविषयीच्या मनुष्याच्या सर्व शक्तींचा मेळ घालून केलेला विकास म्हणजे अनुशीलन, आणि तोच धर्म. पाश्चात्त्यांचा हा विचार ईश्वरावाचून असल्यामुळे अपुरा आहे, असेही त्यांनी बजावले. म्हणजे हे नुसते भाषांतर नव्हते. परक्या कल्पनेला दिलेले ते उत्तर होते. शब्दाचे सामर्थ्य पाहा. १९०२ साली कलकत्त्यात तरुणांची ‘अनुशीलन समिती’ निघाली, तिने हेच नाव घेतले आणि व्यायामशाळेपासून थेट सशस्त्र क्रांतीपर्यंत मजल मारली. परंतु अनुशीलनात सराव आहे, साधना आहे. समाजाची वंशपरंपरागत ठेव त्यात मावत नाही. आर्नल्डचा अर्थ साधला, टायलरचा राहून गेला.

मग ‘कृष्टि’ हा शब्द पुढे आला. कल्चरचे मूळ नांगरणीत, तेव्हा ‘कृष्’ धातूपासून केलेला शब्द नेमका बसतो, असा ह्या पक्षाचा हिशेब. शब्द वैदिकही होता. ऋग्वेदात कृष्टि म्हणजे लोक, जनसमूह. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्यात खोट काढायला जागा नव्हती. पण रवींद्रनाथांच्या कानाला तो मुळीच रुचला नाही. १९३३ सालच्या ‘ताशेर देश’ ह्या नाटकात, नियमांनी जखडलेल्या पत्त्यांच्या राज्यात, त्यांनी ह्या शब्दाची थट्टा उडवली.

त्यांना हवा असलेला शब्द सापडला तो पॅरिसमध्ये, आणि तोही महाराष्ट्राच्या हातून! भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय लंडनची पदवी घेऊन पॅरिसला ज्यूल ब्लोक यांच्यासारख्या पंडितांकडे शिकत होते. ब्लोक म्हणजे मराठीच्या घडणीवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे गृहस्थ. तेथे १९२२ साली एका महाराष्ट्रीय मित्राच्या तोंडून आपण कल्चर ह्या अर्थी ‘संस्कृती’ हा शब्द ऐकला आणि स्वदेशी परतल्यावर तो रवींद्रनाथांच्या कानी घातला, असे सुनीतिकुमारांनी लिहून ठेवले आहे. रवींद्रनाथांनी तो पसंत केला. शब्द काही नवा घडवलेला नव्हता. यजुर्वेदात तो आहे, आणि शिल्पे म्हणजे आत्म्याचे संस्करण हा विचार ऐतरेय ब्राह्मणात सापडतो. शिवाय ‘संस्कृती’वरून संस्कृत, सांस्कृतिक, सुसंस्कृत अशी सारी भावंडे सहज मिळतात. ‘कृष्टि’ला एवढे गोत नव्हते.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. ‘संस्कृती’ आली तशी नांगराची आठवण पुसली गेली. संस्कृत म्हटले की त्याच्या उलट प्राकृत येतेच, आणि प्राकृत म्हणजे गावंढळ असे समजणारेही येतात. रवींद्रनाथ स्वतः मात्र ह्या चुकीत पडले नाहीत. त्याच १९२२ साली त्यांनी ग्रामसुधारणेसाठी श्रीनिकेतनचे कार्य सुरू केले आणि १९२८ साली तेथे हलकर्षणाचा, म्हणजे नांगरणीचा, उत्सव चालू केला. ‘कृष्टि’ हा शब्द त्यांनी नाकारला. कृषीला मात्र उत्सवाचा मान दिला.

पूर्व बंगालात ह्या शब्दाची कथा आणखी पुढे गेली. तेथे मुसलमान सुशिक्षितांमध्ये अरबीतून आलेला ‘तमद्दुन’ हा शब्द होता. त्याचे नाते शेताशी नाही, नगराशी आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये डाक्क्यात ‘तमद्दुन मजलिस’ स्थापन झाली. नाव अरबी वळणाचे, पण पाकिस्तानात बंगालीला राज्यभाषेचा दर्जा द्या, ही मागणी पहिल्याने संघटितपणे मांडली ती ह्याच संस्थेने. त्या चळवळीत २१ फेब्रुवारी १९५२ रोजी तरुणांनी गोळ्या झेलल्या. १९६६ साली अबुल मन्सूर अहमद यांनी ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी शीर्षकात सरळ ‘कालचार’ हा इंग्रजी शब्दच ठेवला.

अनुशीलन, कृष्टि, संस्कृती, तमद्दुन, कालचार. साधना करणारा, नांगर धरणारा, संस्कार झालेला, नगरात राहणारा आणि इंग्रजी शिकलेला, अशी पाच माणसे ह्या पाच शब्दांमागे उभी आहेत. एकाच शब्दात पाचही जणांना जागा मिळाली नाही, म्हणून तर वाद इतका लांबला.

ह्या इतिहासात आपल्यालाही एक हिशेब चुकता करायचा आहे. बंगालला ‘संस्कृती’ हा शब्द एका मराठी माणसाने दिला, ह्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण आपल्या भाषेचे जुने नाव प्राकृत असेच होते, आणि तिचा सर्वांत लाडका कवी स्वतःला कुणबी म्हणवीत होता. तेव्हा हा शब्द उच्चारताना त्यातून कुणबी बाहेर राहिला नाही ना, एवढे पाहण्याची जबाबदारीही आपलीच आहे.