ट्रॅक्टरचा कारखाना देश का बदलतो? मजुरीचं साधं गणित

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या वॉटरलू शहरात जॉन डिअरचे मोठे ट्रॅक्टर बनतात. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीचे 10,000 हून जास्त कामगार संपावर गेले आणि महिन्याभराने 10% पगारवाढ मिळवून कामावर परतले. जून 2022 मध्ये कंपनीने सांगितलं, की वॉटरलूमधलं केबिनचं काम मेक्सिकोतल्या रामोसला हलवणार. "पगार वाढले, म्हणून काम गेलं" असं म्हणणं सोपं आहे. पण मग अख्खा ट्रॅक्टर का नाही गेला?

तासाची मजुरी आणि नगामागची मजुरी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इथे मजुरी तासाला 2,000 रुपये, एका नगाला 2 तास, म्हणजे खर्च 4,000. तिकडे मजुरी 400 रुपये, पण वेळ 4 तास, म्हणजे 1,600. त्यात वाहतूक आणि जास्तीच्या साठ्याचे 1,600 धरा. एकूण 3,200. मजुरी पाचपट स्वस्त, पण बचत फक्त 20%!

आता तोच नग मशीनवर 15 मिनिटांत निघत असेल तर? इथला मजुरीखर्च 500 रुपये. एवढ्यासाठी माल सीमेपलीकडून आणणं परवडतच नाही.

केबिनच का?

केबिनमध्ये वायरिंग, काचा, सीट, पॅनल असं हाताने जोडायचं काम भरपूर असतं. शिवाय आतून पोकळ असल्याने ती ट्रकमध्ये खूप जागा खाते. त्यामुळे लांबच्या देशापेक्षा शेजारचा मेक्सिको सोयीचा. 1 जुलै 2020 पासूनच्या त्रिपक्षीय व्यापार करारात, अटी पाळणाऱ्या मालावर आयात शुल्क नव्हतं.

म्हणूनच शुल्काच्या धमकीला वजन येतं. सप्टेंबर 2024 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी डिअरच्या मेक्सिकोतून येणाऱ्या मालावर 200% शुल्काचा इशारा दिला होता.

एक गल्लत टाळा

प्रत्येक कामगार कपात स्थलांतरामुळे होत नाही. 2024 च्या कपातीसाठी कंपनीने घटलेल्या मागणीचं कारण दिलं. शेतकऱ्याचं उत्पन्न घटलं, की नवा ट्रॅक्टर लांबणीवर पडतो. अशी नोकरी मागणी वाढल्यावर परत येऊ शकते. स्थलांतरात गेलेली सहसा येत नाही.

पुण्याजवळ सणसवाडीला डिअरचा कारखाना आहे आणि तिथले ट्रॅक्टर परदेशातही जातात. म्हणजे हे गणित आपल्याही ओळखीचं आहे. फक्त स्वस्त मजुरीवर आलेलं काम आणखी स्वस्त ठिकाणी जाऊ शकतं. ते टिकवायचं, तर नगामागचा वेळ कमी करावा लागतो.