प्रतिरूप रेल्वे : हाताने घडवलेल्या लोहमार्गाचे गणित

खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध छोटी प्रतिकृती उभारण्याचा छंद अनेक देशांत जोपासला जातो. इंजिने, डबे आणि लोहमार्ग बाजारात तयार मिळतात. तरीही काही छांदिष्ट लोहमार्ग आणि गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणारे सांधे स्वतः घडवतात. त्यामागे हौसेइतकेच मोजमापाचेही कारण आहे.

ब्रिटनमध्ये ‘ओओ’ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. त्यात गाडी खऱ्या गाडीच्या १:७६.२ आकाराची असते. मात्र दोन रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर ठेवले जाते. तेथील खऱ्या रेल्वेचे गेज १४३५ मिलिमीटर आहे. या प्रमाणात ते १८.८३ मिलिमीटर असायला हवे. परिणामी ‘ओओ’ लोहमार्ग प्रत्यक्षाच्या तुलनेत सुमारे १७८ मिलिमीटरने अरुंद दिसतो. ही उणीव दूर करण्यासाठी आधी १८ आणि पुढे १८.२ मिलिमीटरचे ‘ईएम’ गेज आले. १९६६ मध्ये १८.८३ मिलिमीटरचे ‘प्रोटोफोर’ मानक मांडले गेले. अशा गेजसाठी हाताने बांधणी हाच दीर्घकाळ मुख्य मार्ग राहिला.

बांधणीची सुरुवात पूर्ण आकाराच्या कागदी आराखड्याने होते. त्यावर तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्ट्यांचे स्लीपर चिकटवले जातात. निकेल सिल्व्हरचे रूळ मापाच्या साच्यात धरून त्यांना डाग दिला जातो. वीजप्रवाह रुळांतूनच जात असल्याने दोन्ही रुळांमध्ये शॉर्टसर्किट होऊ नये, यासाठी प्रत्येक स्लीपरवरील तांब्याचा थर मध्ये कापावा लागतो.

सांध्याचे काम अधिक कौशल्याचे असते. दोन सरकते रूळ टोकाकडे निमुळते घासून बाजूच्या रुळाला घट्ट टेकतील असे करावे लागतात. दोन रूळ जेथे एकमेकांना छेदतात, त्या क्रॉसिंगच्या ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे टोक तयार केले जाते. टोकापाशी चाकाची कड जाण्यापुरती फट ठेवतात. फट रुंद झाली तर चाक तीत खाली बसून गाडी हिसका घेते. अरुंद झाली तर चाक अडते. समोरच्या रुळालगतचा चेक रेल दुसऱ्या बाजूचे चाक आपल्याकडे धरून ठेवतो, त्यामुळे टोकावर चाक आदळत नाही. ‘ईएम’मध्ये ही फट १ मिलिमीटर, तर ‘प्रोटोफोर’मध्ये केवळ ०.६८ मिलिमीटर असते. त्यामुळे चाकांचे मापही तितकेच काटेकोर लागते.

भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यांपुढे हा प्रश्न अधिक मोठा आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे. १:८७ च्या ‘एचओ’ प्रमाणात ते १९.२६ मिलिमीटर होते. त्या प्रमाणाचा सर्वसाधारण तयार लोहमार्ग मात्र १६.५ मिलिमीटरचाच असतो. सांध्यांबाबतही तेच घडते. ब्रॉडगेजवरील १:१२ सांध्याची त्रिज्या सुमारे ४४१ मीटर असते. एचओ प्रमाणात ती ५ मीटरहून अधिक भरते, तर मध्यम आकाराच्या तयार सांध्याची त्रिज्या साधारण ९१ सेंटीमीटर असते.

एवढी जागा घरात क्वचितच असते. त्यामुळे लोहमार्ग हाताने घडवणाऱ्यालाही कोठेतरी तडजोड करावी लागते. ती कोठे आणि किती करायची, हे मात्र तो स्वतः ठरवू शकतो.